डोंगरवाल्या राणीचा राग

धाकटीचं काम ऐकून लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे नक्की करतेस काय तू?" ती एका कंपनीत खेळ बनवायची. मैदानावरचे नव्हे, संगणकावरचे. समोर नकाशा, नकाशावर सात राज्यं. एक खेळणाऱ्याचं आणि उरलेली सगळी संगणकाची. संगणकाच्या त्या राजांनी तह कधी करायचा, कधी मोडायचा, कुणाच्या नजराण्याला भुलायचं आणि कुणाच्या वकिलाला दारातूनच वाटेला लावायचं, याचे नियम धाकटी लिहायची. तलवारी कशा चमकतील, घोडे कसे दौडतील ते दुसरे बघायचे. धाकटीकडे नुसते स्वभाव.

आणि स्वभाव काही आभाळातून पडत नाहीत. तिने सरळ ओळखीची माणसं उचलली होती. मिठागराचा राजा म्हणजे तिचा मामा: सगळ्यांना हो म्हणणार, तहावर तह करणार आणि ऐन लढाईच्या दिवशी प्रकृतीचं कारण सांगून अंथरूण धरणार. बेटावरची व्यापारीण म्हणजे शेजारच्या काकू. आपल्याला कुणी कधी बोलावलं नाही हे त्यांच्या जन्मभर लक्षात. घोडेवाला म्हणजे तिचा आधीच्या नोकरीतला वरिष्ठ, ज्याला कुणी घाबरलं नाही तर जेवण जायचं नाही. यातल्या कुणालाही पत्ता नव्हता. मामा तर एकदा घरी आला असताना खेळ बघत बसला आणि मिठागराच्या राजाकडे बोट दाखवून म्हणाला, "काय बिलंदर माणूस आहे गं हा!"

राहिली डोंगरवाली राणी. ती म्हणजे ताई.

ताई आणि धाकटी सख्ख्या बहिणी, पण वयात इतकं अंतर की धाकटीला शाळेत पोचवायला आईऐवजी ताईच जायची. वडील गेल्यावर आई ताईकडेच राहिली, कित्येक वर्षं. मग ताईच्या लेकीचं बाळंतपण आलं, परगावी. ताईने आईला तेवढ्यापुरतं धाकटीकडे सोडलं, घराची किल्ली तिच्या हातात दिली आणि सांगितलं, "झाडांना पाणी घाल अधूनमधून." धाकटीने झाडांना पाणी घातलं आणि जाताजाता टेम्पो बोलावून आईची कॉट, आईचं कपाट, आईची खुर्ची असं सगळं आपल्या घरी आणलं. आपल्या घराजवळ मोठं हॉस्पिटल आहे, ताईने पुष्कळ केलं, आता तिला मोकळं करू या, असं तिच्या मनात होतं. मनात जे होतं ते वाईट नव्हतंच. फक्त विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं. विचारलं असतं तर ताई नाही म्हणाली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ताई परत आली तेव्हा आईच्या खोलीत भिंतीवर कपाटाची फिकी चौकट तेवढी उरली होती. तिने एकच फोन केला. "तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवणार का तिला?" एवढं बोलली आणि त्यानंतर धाकटीशी बोलणं बंद. आईच्या फोनवर ती आईशी बोलायची. धाकटीने उचलला तर पलीकडून श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही.

धाकटीने उपाय कमी केले नाहीत. शाल पाठवली, ती आली तशी परत. गुडघ्यांना शेक देणारी पिशवी पाठवली. तीही परत, वरची चिकटपट्टीसुद्धा न काढता. लांबलचक माफी लिहून पाठवली, उत्तर नाही. मामाला मध्यस्थीला घातलं. मामाने दोघींनाही "तुझंच बरोबर आहे" असं सांगितलं आणि वर ताईकडे जेवून आला. शेवटी धाकटी वैतागली आणि वैतागलेल्या माणसाने जे करू नये ते तिने ऑफिसात केलं: डोंगरवाल्या राणीचे नियम कडक केले. विश्वासघातानंतर नजराणा आला तर राग वाढतो. माफी आली तर आणखी वाढतो. तिसऱ्याला मध्ये घातलं तर दुप्पट. लिहून झाल्यावर तिला जरा बरं वाटलं.

चाचणीसाठी खेळणाऱ्यांना मात्र राणी फार आवडली. ते सांगत, की एकदा हिचा विश्वास मोडला की संपलं. बाई नाकावर माशी बसू देत नाही.

धाकटीच्या कामाची एक पद्धत होती. घरी जाताना ती सातही खुर्च्यांवर संगणकालाच बसवायची आणि राजांना आपापसात खेळायला सोडून द्यायची. सकाळी येऊन रात्रभरात कोण कुणाचा सोयरा झाला आणि कोणी कुणाला गिळलं ते बघायचं. एरवी निकाल साधारण ठरलेला. त्या सकाळी मात्र शेजारच्या टेबलावरचा नकाशावाला (नद्या, डोंगर, खिंडी काढायचं काम त्याच्याकडे) तिच्या आधी येऊन तिच्या पडद्यासमोर उभा होता.

"अगं, तुझी राणी बिघडली," तो म्हणाला.

"का? काय केलं तिने?"

"बघ की. नदीकाठच्याला वाचवलंय."

नदीकाठचा म्हणजे खेळातला सगळ्यात लहान राजा. त्याला घाई फार. चांगलं करायला जाऊन घोळ घालायचा हा त्याचा खाक्या. हा कुणावरून बेतला ते धाकटी कुणाला सांगत नसे.

ती खुर्ची ओढून बसली आणि खेळ मागे नेऊन पहिल्यापासून बघू लागली. सुरुवातीला नदीकाठचा आणि राणी यांचा पक्का तह. मग राणीचं सैन्य दूरच्या मोहिमेवर गेलं असताना नदीकाठच्याने तिचा पायथ्याचा किल्ला परस्पर घेतला. त्याच्या हिशेबाने ते शहाणपणच होतं. घोडेवाला त्या किल्ल्यावर टपून होता आणि आपण घेतला तर तो निदान शत्रूच्या हाती पडणार नाही, असं गणित. राणीचा राग तिथे काठोकाठ भरला. त्यानंतर नदीकाठच्याने नजराणे पाठवले, ते परत आले. इथवर सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं.

पुढे घोडेवाल्याने नदीकाठच्याला घेरलं. गावामागून गाव गेलं, धान्य संपलं, शेवटचं एक शहर उरलं. त्याने सगळ्यांकडे मदत मागितली. मिठागराचा राजा आजारी पडला. व्यापारिणीने जुनं काहीतरी उकरून काढलं. मग नदीकाठच्याने, दुसरं कुणी उरलंच नव्हतं म्हणून, राणीकडे निरोप पाठवला. नजराणा नाही, माफी नाही, तहाची बोलणी नाहीत. नुसतं: मी अडकलोय, ये.

आणि डोंगरावरून सैन्य खाली उतरलं.

"हिचा राग गेला कुठे?" नकाशावाला म्हणाला.

धाकटीने राणीच्या रागाचा आकडा उघडला. राग कुठेही गेला नव्हता. होता तिथेच होता, काठोकाठ. राणीने घोडेवाल्याला पिटाळून लावलं, नदीकाठच्याच्या शहरात धान्य पोचवलं आणि आल्या पावली डोंगरावर निघून गेली. त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

"चूक आहे ही," नकाशावाला म्हणाला. "साहेबांना सांगून टाक. खेळ बाहेर जायच्या आत दुरुस्त करायला हवी."

"थांब जरा. मला बघू दे."

आता धाकटीला दम निघेना. आपणच लिहिलेलं आणि आपल्यालाच न कळलेलं, असं काही हाती लागलं की तिची अशीच गत व्हायची. चहा गार व्हायचा, चष्मा डोक्यावर असून टेबलावर शोधला जायचा. तिने तोच डाव पुन्हा मांडला. घेरलेल्या नदीकाठच्याकडून राणीला आधी सोनं पाठवलं: राग वाढला, सैन्य हललं नाही. माफी पाठवली: तेच. मामाला, म्हणजे मिठागराच्या राजाला, मध्ये घातलं: राणीने त्याच्याशीच तह मोडला. नुसती मदत मागितली: सैन्य निघालं. तिने पुन्हा मांडला, पुन्हा तेच. मग तिला लबाडी सुचली. नदीकाठच्याची कोठारं भरून दिली, त्याला सुखरूप ठेवलं आणि तरीही मदत मागायला लावली. राणीने हेर पाठवला, कोठारं बघून घेतली आणि थेट युद्ध पुकारलं.

"भलतीच हुशार आहे," नकाशावाला म्हणाला. तो एव्हाना आपल्या नद्या सोडून इथेच खुर्ची टाकून बसला होता. "पण हे तिला शिकवलं कुणी?"

नियम सापडायला दुपार झाली. राणीच्या रागाचे सगळे नियम एका जागी होते, धाकटीने वैतागून लिहिलेले, ठसठशीत. हा त्यांच्यात नव्हताच. तो अगदी तळाशी होता, राणी पहिल्यांदा तयार केली तेव्हाचा. तेव्हा टेम्पो यायचा होता, बोलणं चालू होतं. कुणी मदत मागितली, तर खरंच अडलंय का ते बघ. असेल तर आधी जा, राग आहे की नाही ते विचारात घेऊ नकोस. बाजूला धाकटीनेच स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होती: "आधी उचलते, मग बोलते."

ती ओळ वाचली आणि धाकटीला काचेचा तुकडा आठवला. लहानपणी तिने ताईची नवी सायकल न विचारता पळवली होती आणि उतारावर भिंतीला नेऊन आदळली होती. सायकलचं चाक गेलं, धाकटीच्या पायात बाटलीची काच घुसली. ताईने आधी सायकलकडे पाहिलं, मग पायाकडे. मग धाकटीला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे निघाली आणि जाईपर्यंत वाटभर एक क्षण तोंड बंद ठेवलं नाही. मूर्ख, गाढव, पुन्हा हात लावशील तर बघ. पाठीवरून मात्र खाली उतरवलं नाही. सायकलवरून पुढे कितीतरी दिवस बोलणी खावी लागली.

राग आणि मदत यांची एकमेकांशी गाठच पडत नव्हती. तिने राणीत ते बरोबर उतरवलं होतं आणि ताईच्या बाबतीत साफ विसरली होती.

साहेब आले, त्यांनी डाव पाहिला आणि डोकं खाजवलं. "खेळणारे गोंधळतील. जिचा राग गेलेला नाही ती मदत का करते? काढून टाका."

"साहेब, चूक नाहीये ती."

"मग काय आहे?"

"ती अशीच आहे."

"कोण?"

"राणी," धाकटी म्हणाली. "आणि लबाडी चालत नाही तिच्यापुढे. खरंच अडलेला असेल तरच येते. राहू द्या. खेळणाऱ्यांना शोधू द्या."

साहेबांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. एवढ्यातेवढ्यावरून हट्ट धरणारी ही बाई नव्हे, हे त्यांना माहीत होतं. "उद्या बघू," म्हणाले आणि गेले.

धाकटी डबा न उघडताच बसून राहिली. डोक्यात एकच घोळत होतं. आपण शाल पाठवली, पिशवी पाठवली, माफी पाठवली. म्हणजे कोठारं भरलेली असल्याचाच निरोप पाठवला. माझं सगळं छान चाललंय, तू तेवढी राग सोड.

आणि छान काही चाललेलं नव्हतं. आईला विसरायला होत होतं. संध्याकाळ झाली की ती चपला घालून, हातात पिशवी घेऊन दाराशी बसायची. "चल गं, मोठी वाट बघत असेल," म्हणायची. दिवसा सांभाळायला येणाऱ्या बाई दमून जायच्या. सगळ्यात वाईट म्हणजे आई केसांना हात लावू द्यायची नाही. कंगवा दिसला की ओरडायची, हात झटकायची. मागच्या बाजूला केसांचा गुंता होऊन नुसता गोळा झाला होता. ताईचा फोन यायचा तेव्हा आई भलतंच बोलेल म्हणून धाकटी हल्ली तो उचलू द्यायची नाही आणि नंतर 'झोपलीय' एवढाच संदेश टाकायची. आईला इथे आणून आपण घोळ घातला, हे ताईला कळलं तर संपलंच. ते कळू नये म्हणून तर सगळा आटापिटा. धाकटीला स्वतःची लाज वाटली. मुख्य म्हणजे भीती वाटली, कारण ताई नाही म्हणाली तर मागायला दुसरं दारच नव्हतं.

ती उठून जिन्यात गेली आणि तिने फोन लावला. पलीकडे उचलला गेला. नेहमीसारखी शांतता.

"ताई, ठेवू नकोस. माफी मागायला नाही केलेला." ती एका दमात बोलत सुटली. "मला जमत नाहीये. आईचं मला जमत नाहीये. ती संध्याकाळी दाराशी बसते. केसांना हात लावू देत नाही, सगळा गुंता झालाय. ती झोपलेली नसायची, मी खोटं कळवत होते. मला काही सुचत नाही. तू ये."

ताईने फोन ठेवला नाही. मग:

"किती दिवस विंचरलं नाहीयेस?"

"बरेच."

"बरेच म्हणजे?"

"मोजले नाहीत."

"गाढव आहेस," ताई म्हणाली. इतक्या महिन्यांनी कानावर पडलेली तिची जुनी शिवी. धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "समोरून कंगवा नेतेस ना तिच्या? तसं नाही न्यायचं. मागे बसायचं आणि हातात काहीतरी काम द्यायचं. मटार दे सोलायला. हात गुंतले की डोकं सोडते ती. एवढं विचारायला तोंड नव्हतं तुला?"

"नव्हतं."

"शाली पाठवायला बरा वेळ होता. ठेव फोन, मला गाडी बघू दे."

धाकटी त्या दिवशी लवकर घरी गेली, जाताना मटार घेऊन. आईसमोर परात ठेवली, मागे स्टुलावर बसली. आईने एक शेंग उचलली, दाणे परातीत पडले, दुसरी उचलली. धाकटीने हळूच गुंत्याचं टोक हातात घेतलं. आई ओरडली नाही. "हे कोवळे आहेत," एवढंच म्हणाली.

अंधार पडायच्या सुमाराला आईने परात बाजूला सारली, चपला घातल्या आणि पिशवी घेऊन दाराशी बसली. तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला.

"खाली ये," ताई म्हणाली.

धाकटीने गॅलरीतून वाकून पाहिलं. ताई खाली फाटकाशी उभी होती, शेजारी बॅग. मान वर न करता.

धाकटीने मनात ताडलं. म्हणजे ही वर येणार नाही. हिला माझ्या घराची पायरी चढायची नाही, आईला खाली बोलावून घेऊन जाणार. नेऊ दे, तिचा हक्कच आहे. राणीसुद्धा नदीकाठच्याच्या घरात पाऊल टाकत नाहीच, काम झालं की आल्या पावली परत. मनाची तयारी करत ती तीन मजले उतरली. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंदच होती.

ताई मधल्या काळात वाळली होती. तिने धाकटीकडे पाहिलं आणि नजर लगेच जिन्याकडे वळवली.

"आईला आणू का खाली?" धाकटीने विचारलं.

"तिला कशाला?" ताई करवादली. "मला चढवत नाही. गुडघे गेलेत दोन्ही." जरा थांबून, कुणी तिच्याकडून जबरदस्तीने वदवून घेतल्यासारखी ती म्हणाली, "हात दे."

धाकटी बघतच राहिली. ताईने कुणाकडे कधी काही मागितल्याचं तिला आठवेना. मागणारी राणी तिने लिहिलीच नव्हती. तसं काही असू शकतं हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. शेकाची पिशवी ज्या गुडघ्यांसाठी पाठवली, त्यांचं नक्की काय झालंय हे विचारायलासुद्धा तिने कधी फोन केला नव्हता.

तिने बॅग खांद्याला अडकवली आणि ताईचा दंड घट्ट धरला. ताईने सगळा भार तिच्यावर टाकला आणि पहिली पायरी चढली.

"किल्ली घेऊन घर रिकामं करतेस," ताई म्हणाली.

"हो."

"चोरासारखं."

"हो, ताई. पाय नीट टाक."

"मला शिकवू नकोस." दुसरी पायरी. "आणि भिंतीवर ती कपाटाची चौकट तशीच आहे अजून. रंग कोण देणार?"

ताई तिसऱ्या मजल्यापर्यंत बोलत राहिली आणि धाकटीने तिचा दंड सोडला नाही. वर दार उघडंच होतं. चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आईने जिन्यातला आवाज ओळखला आणि ती म्हणाली, "आली बघ मोठी. कुणावर तरी ओरडतेय."